चपलांपाशी थांबलेलं दुखणं

या, जरा पुढे सरका. सतरंजी मोकळी आहे, आणि माझा आवाज आता मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. आरतीला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, माणसांची आहे. पण सुरुवात याच देवळात झाली, म्हणून इथंच सांगायची. तीत मी शहाणा ठरत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

बारा वर्षं झाली. रामनवमीची सकाळ. इचलकरंजीतल्या आमच्या या गल्लीतले माग त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे वर्षातून एकदाच इथली शांतता कानाला लागते. दहाला कीर्तन उभं राहिलं होतं. गादीवर वासंतीताई खासनीस, पेटीवर मी, तबल्याला देवळाचे पुजारीच. पूर्वरंग संपला, ताईंना हार घातला, कपाळी बुक्का लागला, लोक पाया पडून गेले आणि उत्तररंगाला तोंड लागलं. पावणेबाराच्या सुमाराला ताईंच्या हातातली चिपळी दोनदा वाजली. ठेक्यात नव्हे, ठेक्याच्या बाहेर. दोन सुटे ठोके.

तेवढ्यानं मला कळलं. मी पट्टी जराशी चढवली, पालुपद माझ्या गळ्यात घेतलं आणि लोकांना हातानं टाळ्यांची खूण केली. सगळं देऊळ गायला लागलं. ताईंनी डोळे मिटले, डावा हात मागे नेला आणि झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरलं. समोरच्या बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, बघा कशी समाधी लागली. मी मात्र ताईंचे पाय बघत होतो. उजव्यावरचा भार डाव्यावर, डाव्यावरचा पुन्हा उजव्यावर. पाच-सहा आवर्तनं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि तुटलेलं वाक्य तुटलं होतं तिथूनच उचललं.

ही आमची दोघांची युक्ती होती. दोन वर्षं चालली होती. तो खांब हाताला यावा म्हणून मीच गादी वीतभर मागे सरकवून घातली होती, आणि पुजाऱ्यांना सांगितलं होतं की पंख्याचा वारा तिथं बरा लागतो.

ताईंना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तसला नव्हे. त्यांना अजून बावन्नही पुरी नव्हती. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो प्रकार. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. कन्याशाळेतली नोकरी त्यांनी दुखण्यापायी मुदतीआधीच सोडली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या करून पाहिल्या आणि शेवटी एक इंजेक्शन काढलं. सलाईनमधून द्यायचं, दवाखान्यात अर्धा दिवस झोपून, पहिल्या दोन खेपांनंतर दर आठ आठवड्यांनी. एकाची किंमत म्हणजे सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधला माझा पाच महिन्यांचा पगार. पण ताईंचा विमा होता, वीस वर्षं न चुकता भरलेला, आणि पहिली दोन इंजेक्शनं विमा कंपनीनं दिली. त्या दोनांवर ताई त्या रामनवमीला उभ्या होत्या. नाहीतर त्याआधीच्या पौषात त्यांना वाटी उचलता येत नव्हती.

हे सगळं मला ठाऊक होतं. ध्यानात ठेवा, ठाऊक होतं.

जन्म झाला, पाळणा हलला, सुंठवडा वाटायला मी दाराशी उभा राहिलो. शेवटी एक अनोळखी गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत पातळ बॅग. मागे भिंतीशी बसून त्यांनी सगळं कीर्तन ऐकलं होतं, ते मी पेटीवरून पाहिलं होतं.

"बाई फार सुंदर करतात हो," ते म्हणाले.

"अठरा वर्षं साथ करतोय मी. अजून पोट भरत नाही."

"एवढा वेळ उभ्याच? मध्ये बसत नाहीत?"

"नारदाची गादी आहे ती. तिच्यावर बसत नाहीत. सव्वादोन तास झाले आज. टेकल्या का कुठे? तुम्हीच पाहिलंत."

"नाही टेकल्या," ते म्हणाले. "पण त्यांना सांध्यांचा काही त्रास आहे म्हणे. इंजेक्शनं चालू आहेत. त्यानंच बरं वाटत असेल आता."

मी हसलो. हातात सुंठवड्याचं ताट, अंगावर नवं धोतर, कानात अजून टाळ्यांचा आवाज. म्हणालो, "इंजेक्शनं काय, जगात सगळेच घेतात. औषधानं नव्हे हो, रामानं उभं केलंय त्यांना. गादीवर पाय ठेवला की त्यांचं दुखणं बाहेर चपलांपाशी थांबतं. आत यायची त्याची छाती नाही."

वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो. त्यांनी वही काढली. माझं नाव विचारलं, नंबर विचारला. मला वाटलं, आपल्या गावी कीर्तन ठरवणार.

"कुठलं गाव आपलं?"

"साताऱ्याकडचा मी."

"मग जरूर बोलवा. ताई येतील." आणि मी त्यांच्या हातावर सुंठवड्याचा दुसरा चमचा घातला.

आत कोठीत ताई गुंडाळलेल्या सतरंज्यांवर आडव्या पडल्या होत्या. माझी बायको शालन त्यांच्या पोटऱ्या चोळत होती. हार अजून गळ्यातच होता. तो काढायलासुद्धा मान उचलावी लागते ना.

"ताई, साताऱ्याकडचं एक कीर्तन येतंय बहुतेक," मी म्हणालो.

"एवढ्या लांब?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. "बघू. आनंद आहे."

ही त्यांची सवय. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: आनंद आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तरी तेच. मिरजेचे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले होते, "बाई, आनंद मला रिपोर्टात लिहिता येत नाही."

शालन माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुटलं सातारा आन् कुटलं काय. माणूस हितं उटंना झालंय. तुमा पेटीवाल्यास्नी तिचा आवाजच तेवडा दिसतोय. मला तिची येणी दिसती."

वेणीचं असं होतं की शालन रोज सकाळी ताईंची वेणी घालायला जायची. ताईंचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मला ते माहीत होतं, पण मी पाहिलं कधी नव्हतं.

वीस-बावीस दिवसांनी शालननं मला सायझिंगमधून बोलावून घेतलं. ताईंकडे इंग्रजी पत्र आलं होतं. मी ऑफिसात पत्रव्यवहार बघत असे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. लखोटा शालननं विळीवर कापून ठेवला होता. ताई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या.

मी वाचलं. एकदा मनात, मग पुन्हा मनात.

"काय म्हणतात?"

"तिसरं इंजेक्शन मंजूर नाही म्हणतात."

"का?"

"तुमची हालचाल चांगली आहे. बराच वेळ उभं राहता येतं. त्या औषधाची गरज दिसत नाही, असं म्हणतात."

"कुणाला दिसत नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

लिहिलेलं होतं. खालच्या परिच्छेदात एक ओळ होती, ती मी गाळली. पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली, म्हटलं, झेरॉक्स काढून आणतो. ती ओळ काय होती ते सांगेन. त्या वेळी मला ती माझ्या तोंडून काढवली नाही, आणि आत्ताही जरा वेळ द्या.

मिरजेला फोन केला. डॉक्टर म्हणाले, अर्ज करा, मी पत्र देतो, पण उशीर करू नका. आठ आठवड्यांचं अंतर मोडलं की दुखणं परत उसळेल, आणि या वेळी बोटं जी वळतील ती सरळ होणार नाहीत. गल्लीतल्या लोकांनी वर्गणीची गोष्ट काढली. ताई म्हणाल्या, "एकदा काढाल. दर दोन महिन्यांनी कोण काढणार? आणि मग मी गादीवरून कुणाच्या तोंडाकडे बघू?" मग अर्ज केला. अर्ज मीच लिहिला, तीन पानी. त्या तीन पानांतही ती ओळ आली नाही.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. इंजेक्शनाची तारीख येऊन गेली.

सकाळची वेणी झाली की शालन घरी येऊन मला एकेक गोष्ट सांगायची, रागानं, भाकरी थापता थापता. आज नळ फिरवता आला न्हाई, रातभर टिपटिप गळत ऱ्हायला. आज दुधाची पिशवी दातानं फोडली आन् अंगावर सांडलं. आज देवपूजा मनातल्या मनात केली, कारण अंघोळ आन् पूजा दोन्ही हुईनात, एकच निवडायचं. आज निम्मी भाकरी खाल्ली आन् दमून बसली. चावायला जबडा दुखतोय.

शालन गरम वाळूच्या पुरचुंड्या करून द्यायची, मी संध्याकाळी एरंडाची पानं नेऊन द्यायचो. ताई पानं घ्यायच्या, बाजूला ठेवायच्या, म्हणायच्या, "आनंद आहे. बसा, पेटी काढा जरा."

मी पेटी काढायचो. त्या गुणगुणायच्या, दोन ओळी झाल्या की थांबायच्या. एकदा म्हणाल्या, "भालचंद्र, दुखण्याचं एक बरं असतं. त्याला जागा असते. गुडघा म्हणा, मनगट म्हणा, तिथं हात तरी ठेवता येतो. शिणाला जागाच नसते हो. कुठे हात ठेवू?"

एरवी स्वतःबद्दल न बोलणारी बाई हे बोलली, ती माझी वेळ होती. पत्र माझ्या पाकिटात होतं. मी भाता दाबून धरला होता, पेटीतून एक सूर निघत राहिला होता. सांगणार होतो. मग त्या म्हणाल्या, "हाच सूर राहू द्या थोडा वेळ," आणि झोपल्या. मी तो सूर धरून बसलो.

आषाढात कोल्हापूरला बोलावलं. विमा कंपनीच्या कार्यालयात, कंपनीच्याच डॉक्टर ऐकून घेणार होत्या. शालन म्हणाली, "तुमीच जावा. इंग्रजी तुमाला येतंय. आन् त्येस्नी नीट सांगा, तिच्या बोलण्यावर काय सोडू नका. ती आनंद हाय म्हणून मोकळी हुईल."

एसटीत ताईंना खिडकीशी बसवलं. तासाभराच्या वाटेत त्या तीन वाक्यं बोलल्या असतील. हातात रुमाल होता, तो सबंध वाटभर त्यांनी घट्ट धरला नव्हता, नुसता तळव्यावर ठेवला होता, पक्ष्याचं पिल्लू ठेवावं तसा.

त्या डॉक्टरांचं नाव लोंढे. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, टेबलावर फायलींचा ढीग, डब्यातली पोळी अर्धी खाऊन झाकलेली. वाईट बाई नव्हती. दमलेली होती. ताईंना बसा म्हणाल्या, मला बाजूची खुर्ची दाखवली.

"कशा आहात खासनीसबाई?"

"आनंद आहे. देवाची कृपा."

मी खुर्चीत चुळबूळ केली. लोंढेबाईंनी फाईल उघडली.

"आमच्या माणसाचा अहवाल आहे. तुम्ही रामनवमीला सव्वादोन तास उभं राहून कीर्तन केलंत. बरोबर?"

"बरोबर."

"न बसता?"

"गादीवर बसत नाहीत."

"तिथल्या साथीदाराचा जबाबही आहे." त्यांनी चष्मा खाली ओढला आणि मराठीतलाच कागद वाचला, सपाट आवाजात, वाणसामानाची यादी वाचावी तसा. "'औषधाने नव्हे, रामाने उभे केले आहे. गादीवर पाय ठेवला की त्यांचे दुखणे बाहेर चपलांपाशी थांबते.' हे दोनदा सांगितल्याची नोंद आहे. श्री. भालचंद्र होगाडे, पेटीवादक. कोण हे?"

ती ओळ ही होती.

"मी," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

"तुम्ही हे बोललात?"

"बोललो. तो माणूस कीर्तन ठरवायला आलाय असं वाटलं मला."

"का बोललात ते नाही विचारलं. खरं आहे का?"

मला ते खरं वाटत होतं. अठरा वर्षं मी पेटीमागे बसून तेच बघत आलो होतो. मग मी दोन ठोक्यांचं सांगितलं. चिपळी कशी वाजते, मी पालुपद कसं उचलतो, खांब, खांबाचे झेंडू, वीतभर सरकवलेली गादी. "लोकांना कळू नये म्हणून हे सगळं मीच बसवलंय, बाई. आणि ज्याच्यापासून लपवायचं नव्हतं, त्याच्यापुढे मीच फुशारकी मारली."

"भालचंद्र," ताई हळूच म्हणाल्या, "ते बाहेर सांगायचं नव्हतं."

अठरा वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. तेव्हाही आवाज चढला नव्हता.

लोंढेबाईंनी पेन खाली ठेवलं. "खासनीसबाई, यांचं राहू द्या. तुम्ही सांगा. दुखतं का?"

ताईंनी मांडीवरचा रुमाल तळव्यानं सरळ केला.

"मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल. तुम्ही आनंद आहे म्हणालात तर तेच लिहीन."

"आमच्या गुरुजींनी शिकवलंय," ताई म्हणाल्या, "सांगायला उभं राहिलं की स्वतःचं सांगायचं नाही. लोक देवाचं ऐकायला आलेले असतात."

"इथं कुणी देवाचं ऐकायला आलेलं नाही."

ताईंना ते पटलं असावं. त्या जरा हसल्या. म्हणाल्या, "एका बाईची गोष्ट सांगू?"

आणि उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. टेबलाच्या कडेला मनगट टेकून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशा उभ्या राहिल्या. पदर सावरला. लोंढेबाई बसा म्हणायला गेल्या आणि म्हणाल्या नाहीत.

"एक बाई होती," ताईंनी सुरुवात केली, आणि तो आवाज कीर्तनाचा होता, पाच फुटांवरच्या माणसाला नव्हे तर शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. "पहाटे चारला जागी व्हायची. लोकांना वाटे, काकडआरतीची ओढ. कसली ओढ? चारला जागी झाली तर सहाला बोटं उघडायची. दोन तास ती आपल्या मुठीकडे बघत पडायची. म्हणायची, बयांनो, उघडा. एकेक बोट उघडायचं, रुसलेल्या सुनेनं दार उघडावं तसं. मग भिंत. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं भिंत. त्या भिंतीला तिच्या तळव्यांचा डाग पडला होता. शेजारीण म्हणे, चुना लावून घ्या. ती म्हणे, राहू दे, माझी वाट आहे ती."

माझी बोटं माझ्याच मांडीवर पट्ट्या दाबत होती. सवयीनं.

"तिला एक इंजेक्शन मिळालं. पहिल्या खेपेला ती घरी आली आणि कणीक मळली. एक पोळी केली. वाकडी झाली. ती देवापुढे ठेवली आणि रडली. दुसऱ्या खेपेला ती उभी राहिली. आणि उभी राहिली म्हणून…"

इथं त्या थांबल्या. ओठ पांढरे झाले होते. उजव्या हाताची बोटं मिटलेली होती, ती मूठ त्यांनी टेबलावर आपटली.

टक. टक.

दोन सुटे ठोके.

पेटी नव्हती, टाळ्या नव्हत्या, खांब नव्हता. पण मी गाऊ शकलो असतो. तोंड उघडलं की पालुपद आलं असतं, लोंढेबाई चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या असत्या आणि तेवढ्यात ताईंनी भार बदलला असता. गळ्याशी सूर आला होता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं नाही.

खोलीत काही वाजलं नाही. लोंढेबाईंची नजर टेबलाखाली गेली, ताईंच्या पावलांकडे, जिथं मी इतकी वर्षं एकटाच बघत आलो होतो. साडीचा काठ थरथरत होता. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. मग ताई बसल्या. बसल्या कसल्या, खुर्चीत पडल्या. गोष्ट अर्धी टाकून त्यांना बसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

लोंढेबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, मग ध्यानात येऊन स्वतः उठल्या आणि तो ताईंच्या ओठांशी धरला.

दोन घोट घेऊन ताई म्हणाल्या, साध्या आवाजात, घरातल्या, "हे म्हणाले ते खोटं नाही. चपलांपाशी थांबतं ते. पण घरी जायला चपला घालाव्याच लागतात ना."

लोंढेबाई लिहीत नव्हत्या.

"मला फार दुखतं हो, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "आणि फार शिणले मी."

लोंढेबाई म्हणाल्या, निर्णय त्यांच्या एकटीचा नाही, वर पाठवतील, मिरजेहून नवे एक्स-रे मागवा. आणि मला म्हणाल्या, "होगाडे, तुम्ही आज जे सांगितलंत ते लिहून द्या. तेही तुमचाच जबाब म्हणून लावते." मी तिथंच लिहून दिलं. एक ओळ लिहिली, मग दुसरी, मग तिसरी. चांगलं वाक्य एकही झालं नाही.

परतीच्या एसटीत हातकणंगलेपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मी शेजारी, मांडीवर फाईल. पत्र वाचताना ती ओळ गाळली होती, हेही मी आता सांगून टाकलं होतं.

हातकणंगले गेलं तशा म्हणाल्या, "दोनदा वाजवलं होतं मी."

"ऐकलं."

"तुम्ही पालुपद धरलं असतं तर मी उभी राहिले असते."

"हो."

"म्हणून धरलं नाहीत?"

"हो ताई."

एसटी एका खड्ड्यात आपटली. त्यांनी डोळे मिटून तो हिसका सोसला, सावकाश, आतून एकेक सांधा मोजत असल्यासारखा. मग विचारलं, "त्या माणसाला सुंठवडा दिलात का?"

"दिला. दोनदा."

त्या हसायला लागल्या. जबडा दुखत होता म्हणून तळव्यानं गाल धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही आनंद आहे म्हटलं नाही.

मंजुरी कार्तिकात आली. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. दुखणं उतरलं, शीण बराचसा गेला, पण मधल्या महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं जी वळली ती वळलीच. चिपळी त्या हातात पुन्हा बसली नाही. त्या दोन बोटांचं मी काय करू? देवापुढे बसतो तेव्हा ती आठवतात.

पुढच्या रामनवमीला गादीमागे लाकडी स्टूल ठेवलं होतं. कुणी ठेवलं म्हणून कुरकुर झाली. ताईंनी नमन केलं, पूर्वरंग अर्धा उभ्यानं सांगितला आणि मग लोकांना म्हणाल्या, "माझे पाय दुखताहेत. आता मी बसते. देव रागावणार नाही, तुम्हीही रागावू नका." आणि बसल्या. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. बाकीचे बसून राहिले. शालन पहिल्या रांगेत होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी पेटीवर वाट बघत होतो दोन ठोक्यांची. ते आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. सात वर्षं ताईंनी स्टुलावर बसून कीर्तन केलं. शेवटच्या आजारात मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाल्या, "आज मान दुखतेय, भालचंद्र." इतकं स्पष्ट.

चला, निरांजनं लागली. आता उठाल, हात जोडाल, प्रसाद घ्याल आणि दारात आपापल्या चपला शोधाल. तेव्हा घाई करू नका. पाय आत सरकवताना क्षणभर थांबा आणि आमच्या वासंतीताई खासनीसांची आठवण काढा. माझं मागणं तेवढंच.